अर्जाला उत्तर येत नाही तेव्हा

दिवाळीच्या आठवड्यात पाठवलेल्या अर्जाला बडोद्यात सहसा उत्तर येत नाही. धनत्रयोदशीपासून एचआरची माणसं रजेवर जायला लागतात आणि गुजरातेत व्यवहार पुन्हा सुरू होतात ते लाभपंचमीला. मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कितीतरी छोट्या कारखान्यांची शटरं तोवर खालीच असतात. पण घरी फोन उशाशी घेऊन बसलेल्याला हे सुचत नाही. त्याला वाटतं, आपल्याला नाकारलं. हा समज आठ-दहा दिवसांत असा पक्का होतो की लाभपंचमीनंतर, म्हणजे नेमकी हालचालीची वेळ आली की, अर्ज करायचं बळच उरलेलं नसतं.

नोकरी शोधणाऱ्याची उमेद नकाराने जितकी खचत नाही, तितकी उत्तर न येण्याने खचते. नकार आला तर माणूस एक दिवस चिडतो, रडतो आणि पुढचं बघतो. उत्तरच आलं नाही, तर त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा असतो, आणि हाती काम नसताना मन नेहमी वाईटच अर्थ लावतं. ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला इथेच तोकडा पडतो. मनाला आज्ञा देऊन ते प्रसन्न होत नाही. उत्तर का आलं नसेल हे ओळखता आलं, आणि ते येईपर्यंतचा दिवस नीट बांधता आला, तर उमेद बरीचशी आपोआप टिकते. पुढे जे लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टींसाठी.

आधी कॅलेंडर. दिवाळी ते लाभपंचमी हा काळ सांगितलाच. नवरात्रात ऑफिसं चालू असतात, पण मुलाखती घेणारे मॅनेजर संध्याकाळी लवकर निघतात आणि तारखा पुढे ढकलल्या जातात. १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायण म्हणजे संक्रांत आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणला, सगळं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर असतं. मार्चमध्ये अकाउंट्स, फायनान्स आणि सेल्सवाल्यांना वर्षअखेरीपुढे दुसरं काही दिसत नाही. त्याच मार्चनंतर नव्या वर्षाच्या मंजूर जागा उघडतात, आणि बोनस-इन्क्रिमेंट हातात पडल्यावर माणसं राजीनामे देतात म्हणून एप्रिल ते जूनमध्ये रिकाम्या झालेल्या जागाही भरायच्या असतात. मार्चमध्ये निराश होऊन थांबलेला माणूस नेमका हा हंगाम चुकवतो.

शिवाय उत्तर न येण्याची अशी कारणं असतात ज्यांचा तुमच्याशी काडीचा संबंध नसतो. जागा मंजूर होऊन मग रोखली जाते. आतलाच माणूस घ्यायचं ठरलेलं असतं आणि जाहिरात नियमापुरती दिलेली असते. भरती करून देणारी कन्सल्टन्सी पुढे कधीतरी लागतील म्हणून रेझ्युमे गोळा करत असते. ज्याला निवडलंय तो ९० दिवसांचा नोटीस पिरियड संपवतोय आणि तो येईपर्यंत बाकीच्यांना कोणी काही कळवत नाही. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. म्हणून एका अर्जाच्या निरुत्तरावरून स्वतःबद्दल काहीही ठरवू नका. तीस अर्जांच्या निरुत्तरावरून मात्र ठरवा, आणि त्यासाठी वही लागते.

एक साधी आडवी वही किंवा एक्सेलची शीट घ्या. रकाने सात: तारीख, कंपनी, पद, अर्ज कुठून केला, कोणामार्फत, पुढचं पाऊल कोणत्या तारखेला, आणि सद्यस्थिती. सगळ्यात महत्त्वाचा रकाना सहावा. तो कधीही रिकामा ठेवायचा नाही. अर्ज केला की तिथे कामाचे सात दिवस मोजून तारीख टाका. त्या दिवशी एकच छोटा मेल किंवा फोन. त्यालाही उत्तर नाही आलं, तर आणखी सात कामाच्या दिवसांनी दुसरा. तोही कोरडा गेला, तर त्या ओळीवर रेघ मारून ‘बंद’ लिहा. पुढे त्यांचा फोन आला तर आनंदच आहे, पण तुम्ही वाट बघायचं थांबवलेलं असेल. चाळीस अर्जांची एकदम वाट बघणारं मन थकतं. मोजक्या चालू ओळींची वाट बघणं झेपतं.

ही वही महिन्याभराने जे सांगते, ते सांगायला कुठल्याही सल्लागाराची गरज नाही. गळती कुठे आहे ते बघायचं. तीस अर्ज गेले आणि एकही फोन आला नाही, तर एकतर रेझ्युमे वाचला जात नाहीये, किंवा तुम्ही ज्या पदांवर अर्ज करताय ती तुमच्या अनुभवाच्या फार वर किंवा फार खाली आहेत. फोन येतात पण मुलाखतीला बोलावत नाहीत, तर गडबड त्या पहिल्या पाच मिनिटांच्या बोलण्यात आहे. पगाराचा आकडा, रुजू व्हायची तारीख किंवा ‘नोकरी का सोडली’ या तीनपैकी एका ठिकाणी बहुधा अडतं. पहिली फेरी होते पण दुसरी होत नाही, तर विषयाची तयारी कमी पडतेय. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन हुकतंय, तर तुम्ही अगदी जवळ आहात. तिथे पगार, रेफरन्स किंवा दुसरा थोडा जास्त जुळणारा उमेदवार, एवढाच फरक असतो, आणि काहीही मुळापासून बदलायची गरज नसते. नेमकं याच टप्प्यावर माणसं सगळ्यात जास्त खचतात, कारण आशा सगळ्यात जास्त बांधलेली असते. वहीत जर लिहिलेलं असेल की गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा शेवटच्या फेरीत पोचलो, तर त्याच गोष्टीकडे बघण्याची नजर बदलते.

फोनच येत नसतील तर रेझ्युमेची एक चाचणी आजच करा. तुमची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जे दिसेल, जवळपास तेच भरतीच्या सॉफ्टवेअरला दिसतं. दोन कॉलमची सुंदर डिझाइन असेल, तर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत घुसलेली दिसेल. टेबलात टाकलेल्या तारखा कंपन्यांच्या नावांपासून सुटलेल्या असतील. हेडरमध्ये ठेवलेला मोबाइल नंबर कधीकधी गायबच असतो. आणि रेझ्युमे फोटो म्हणून सेव्ह झाला असेल, तर नोटपॅड कोरं राहील. उपाय सोपा आहे: एक कॉलम, साधा फॉन्ट, टेबल नाही, फोटो नाही, नंबर आणि ईमेल मुख्य मजकुरात सगळ्यात वर. दहा वर्षांपर्यंतच्या अनुभवाला दोन पानं पुरे. फाइलला ‘न्यू रेझ्युमे फायनल २’ असं नाव न देता स्वतःचं नाव आणि पद द्या.

मजकुरातही जबाबदाऱ्यांची यादी वाचून कोणाला काही कळत नाही. ‘मेंटेनन्सची जबाबदारी सांभाळली’ असं नंदेसरीतल्या प्रत्येक मेंटेनन्स इंजिनिअरच्या रेझ्युमेत असतं. किती पंप, कोणत्या मेकचं पीएलसी, वार्षिक शटडाऊन किती दिवसांचं होतं आणि ते वेळेत संपलं का, हे लिहिलं की वाचणाऱ्याला माणूस दिसतो. अकाउंटंटने ‘जीएसटीचं काम’ एवढंच लिहू नये. किती जीएसटी नंबरांचं, टॅली की सॅप, ई-वे बिल कोण बनवायचं, ऑडिटला सामोरं कोण जायचं, हे लिहावं. क्वालिटी कंट्रोलमधल्या केमिस्टने कोणती उपकरणं स्वतः चालवली ते नावासकट लिहावं. एचपीएलसी हा शब्द जाहिरातीत असेल आणि तुमच्या रेझ्युमेत ‘आधुनिक उपकरणं’ असेल, तर शोधात तुम्ही सापडणारच नाही.

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट करत राहणाऱ्याला फायदा होतो, कारण भरती करणारे अलीकडे सक्रिय असलेल्या उमेदवारांपुरता शोध मर्यादित ठेवू शकतात. आठवड्यातून दोनदा सकाळी एखादी ओळ सुधारून सेव्ह करा, पुरे. तुम्ही सध्या मोकळे असाल, तर नोटीस पिरियडच्या जागी ‘१५ दिवस किंवा कमी’ निवडा. ९० दिवस थांबायला तयार नसलेल्या कंपनीसाठी लगेच रुजू होऊ शकणारा माणूस मोलाचा असतो. नोकरी नसण्याची ही एक बाजू खरोखर तुमच्या फायद्याची आहे, ती लपवू नका. गुजरात सरकारचं अनुबंधम् पोर्टल आणि केंद्राची नॅशनल करिअर सर्व्हिस, दोन्हीकडे नोंदणी मोफत आहे. रोजगार कचेरीच्या भरती मेळ्यांच्या तारखा तिथे कळतात. मेळ्याला जाताना रेझ्युमेच्या दहा प्रती, मार्कशीटच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट साइझ फोटो बरोबर ठेवा.

आता दिवस. व्हिएन्नाजवळच्या मारिएंथाल गावातली कापड गिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन जे नोंदवलं, ते आजही नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावं. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास घसरली. मोकळा वेळ मिळूनही त्यांच्या हातून कमी गोष्टी व्हायला लागल्या. याहोदांनी पुढे याचं जे स्पष्टीकरण दिलं ते असं: नोकरी पगाराबरोबर इतरही काही देत असते. दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, एकत्र मिळून करायचं काहीतरी, समाजात ओळख आणि हातांना काम. पगार थांबला की हे सगळंही एकदम थांबतं, आणि आपण फक्त पगाराचीच काळजी करत बसतो.

तेव्हा या गोष्टी एकेक करून परत उभ्या करायच्या. त्यातली सगळ्यात सोपी म्हणजे घराबाहेरची एक जागा आणि एक वेळ. बडोदेकरांचं याबाबतीत नशीब थोर आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये वाचनालयांची चळवळ सुरू केली, अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं, आणि मांडवीची सेंट्रल लायब्ररी आजही उभी आहे. सकाळी दहाला अंघोळ-नाश्ता करून, इस्त्रीचे कपडे घालून तिथे किंवा घराजवळच्या वाचनालयात जाऊन बसा. घरच्या पलंगावर लॅपटॉप मांडीवर घेऊन केलेले तीन तास आणि टेबल-खुर्चीवर केलेले तीन तास सारखे नसतात.

नोकरी शोधायचं काम दिवसाला चार ते पाच तासांच्या वर करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर जे होतं ते फक्त स्क्रोलिंग. सकाळचे दोन तास अर्ज, कारण ते सगळ्यात डोकं लागणारं काम. प्रत्येक अर्जाआधी जाहिरात नीट वाचून रेझ्युमेच्या वरच्या तीन-चार ओळी बदलायला २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणजे दिवसाला दोन, फार तर तीन अर्ज. आठवड्याला दहा. एका क्लिकचे पन्नास अर्ज करता येतात, पण त्यांचं निरुत्तर पन्नासपट अंगावर येतं. दुपारी जेवणानंतर एक तास फोन आणि मेसेज. मग दीड तास शिकणं, एकच विषय, तोही ज्याचं नाव तुम्ही बघितलेल्या जाहिरातींत वारंवार येतंय असा. पाच वाजता वही भरून बंद. संध्याकाळी कमाटीबागेत चालायला जा, बॅडमिंटन खेळा, मुलांचा अभ्यास घ्या. शनिवारी अर्धा दिवस, रविवारी सुट्टी. बेकाराला कसली सुट्टी, असं कोणी म्हणालं तरी घ्या. सुट्टी नसलेला आठवडा दुसऱ्या महिन्यात मोडतो.

आणि दिवसाचा हिशोब करताना फक्त तुमच्या हातातल्या गोष्टी मोजा. किती अर्ज पाठवले, किती जणांशी बोललो, किती तास शिकलो. किती फोन आले हे महिन्याच्या तपासणीसाठी ठेवा, रोज बघू नका.

फोन आणि मेसेजचा तो एक तास अनेकांना सगळ्यात अवघड जातो, खासकरून आपल्या मराठी घरांत. ‘कोणापुढे हात पसरायचे नाहीत’ हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं. पण इथे मागायची असते ती माहिती. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांपैकी फक्त १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. ५५.६ टक्के अधूनमधून, आणि २७.८ टक्के तर वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. कारण सरळ आहे. भाऊ, मेहुणा, जिवलग मित्र यांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतंच. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या कंपनीत, वेगळ्या वर्तुळात वावरतो.

बडोद्यातल्या मराठी माणसाची अशी दूरची वर्तुळं मोजून बघा. दांडिया बाजारातल्या किंवा सोसायटीतल्या गणपती मंडळाचे जुने कार्यकर्ते. एमएस युनिव्हर्सिटीचे वर्गमित्र, त्यांच्या एक-दोन बॅच पुढचे-मागचे. जुन्या कंपनीचे व्हेंडर आणि ट्रान्सपोर्टर, ज्यांचं दहा कारखान्यांत येणं-जाणं असतं. कंपनीच्या बसमध्ये रोज शेजारी बसणारा दुसऱ्या डिपार्टमेंटचा माणूस. चाळीस नावं सहज निघतात. रोज दोघांना लिहा.

काय लिहायचं ते नेमकं ठरवलं की संकोच निम्मा होतो. ‘काही असेल तर सांगा’ असं लिहू नका. समोरच्याला त्यावर काय करायचं ते कळत नाही आणि तो मनापासून ‘हो हो, नक्की’ म्हणून विसरतो. असं लिहा: ‘नमस्कार दादा, मी मेकॅनिकलला तुमच्या दोन वर्षं मागे होतो. सध्या क्वालिटीमध्ये नोकरी शोधतोय, सहा वर्षं कास्टिंगचा अनुभव आहे. तुम्ही सावलीच्या बाजूला आहात म्हणून विचारतो, तिकडे सप्लायर क्वालिटीची माणसं कोणत्या कंपन्या घेतात? या आठवड्यात दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’ यात ओळख आहे, पद आहे, अनुभव आहे आणि सहज उत्तर देता येईल असा एक प्रश्न आहे. फोनच्या शेवटी एवढंच विचारायचं: ‘आणखी कोणाशी बोलू?’ बहुतेक जण एक-दोन नावं देतात. गुजराती माणसाला गुजरातीतच लिहा, मोडकंतोडकं का असेना. त्याला बरं वाटतं आणि फॅक्टरीत तुम्ही मिसळून जाल हेही कळतं.

घरच्यांचा विषय वेगळा आणि नाजूक. आई-बाबा रोज ‘आला का फोन?’ विचारतात ते काळजीपोटीच. पण रोज ‘नाही’ म्हणावं लागणं हे सगळ्यात जड असतं, आणि त्यातून चिडचिड, मग अबोला. यावर एक तोडगा बऱ्याच घरांत लागू पडतो. स्पष्ट सांगायचं: ‘आई, रोज नको विचारूस. रविवारी चहाच्या वेळी मी स्वतःच सगळं सांगेन.’ आणि रविवारी खरोखर वही घेऊन बसायचं, पंधरा मिनिटं. या आठवड्यात दहा अर्ज, सहा फोन, एक मुलाखत, पुढच्या बुधवारी दुसरी. वडील बँकेत किंवा रिफायनरीत तीस वर्षं एकाच जागी नोकरी करून निवृत्त झालेले असतील, तर त्यांना हा सगळा प्रकार परका वाटतो. वही बघितली की मुलगा किंवा मुलगी हातपाय हलवतेय हे त्यांना डोळ्यांनी दिसतं. लग्नाकार्यात काका-मावशी विचारतील त्यासाठी एक वाक्य तयार ठेवा: ‘शोध चालू आहे, क्वालिटीमध्ये बघतोय, तुमच्या ओळखीत कोणी आहे का?’ प्रश्न परतवला की विषय कामाचा तरी होतो, नाहीतर संपतो.

पैशाचं अंधुक भय मनात वागवण्यापेक्षा आकडा माहीत असलेला बरा. एका कागदावर महिन्याचा अटळ खर्च लिहा: भाडं किंवा हप्ता, किराणा, दूध, वीज, गॅस, शाळेची फी, औषधं, विम्याचे प्रीमियम. हाताशी असलेली रक्कम त्याने भागा. साडेपाच आलं, तर घर साडेपाच महिने चालतं. आता पैसे संपायची तारीख कॅलेंडरवर मांडा, आणि तिच्या दोन महिने आधीची तारीख ‘मिळेल ते काम घ्यायचं’ अशी ठरवून ठेवा. हा निर्णय आज शांतपणे घेतलेला असला की रोज रात्री तो नव्याने घ्यावा लागत नाही.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी घेतली तरी अपघात सोडता पहिले ३० दिवस सहसा आजारपणाचा दावा मिळत नाही, म्हणून ती पहिल्याच आठवड्यात घ्या. पीएफला शेवटपर्यंत हात लावू नका. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी काढलेल्या रकमेवर सहसा कर लागतो, आणि म्हातारपणाची पुंजी जाते ती वेगळीच. घराचा हप्ता चुकणार असं दिसलं, तर चुकण्याआधी बँकेत जाऊन बोला. बँका आणि वित्त कंपन्या नोकरीवर घेताना क्रेडिट रिपोर्ट बघतात, त्यामुळे चुकलेला हप्ता पुन्हा नोकरीच्याच आड येऊ शकतो.

मधल्या काळात थोडी कमाई हवी असेल, तर शोधाचे तास न खाणारं काम निवडा. अकाउंट्सवाल्यांना इथे चांगली संधी आहे. जीएसटीचं महिन्याचं जीएसटीआर-१ हे विवरणपत्र भरायची मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला असते. रावपुरा-मांडवीतल्या व्यापाऱ्यांना ५ ते २० या दिवसांत हाताखाली माणूस हवा असतो, उरलेला महिना तुमचा. शिकवण्या संध्याकाळी होतात. दिवसभर रस्त्यावर ठेवणारं काम मात्र शेवटचा पर्याय म्हणून बघा, कारण मुलाखतीचा फोन भर ट्रॅफिकमध्ये येतो.

जुन्या कंपनीने काढून टाकलं असेल तर मनात राग असतो, आणि तो मुलाखतीत बाहेर पडतो. ‘तिथून का निघालात?’ या प्रश्नावर आवाज नकळत चढतो, वाक्यं लांबतात. समोरचा माणूस तेवढंच लक्षात ठेवतो. यावर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी टेक्ससमध्ये नोकरी गेलेल्या अनुभवी व्यावसायिकांवर केलेला, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग उपयोगी आहे. एका गटाला सलग ५ दिवस, रोज २० मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात खोलवर जे आहे ते लिहायला सांगितलं. पुढच्या आठ महिन्यांत या गटातल्या लोकांना इतरांपेक्षा जास्त प्रमाणात नोकऱ्या मिळाल्या, आणि गंमत म्हणजे त्यांनी अर्ज काही जास्त केले नव्हते. करायला अगदी सोपं आहे. दार लावून, मोबाइल बाहेर ठेवून, मराठीत, शुद्धलेखनाची फिकीर न करता लिहा. अपमान, भीती, कोण काय म्हणालं, सगळं. पाच दिवसांनी ते कागद फाडून टाकले तरी चालतील. पहिल्या दोन दिवशी लिहून झाल्यावर जड वाटतं, ते ठरलेलंच आहे.

त्यानंतर मुलाखतीसाठी दोन वाक्यं तयार करा आणि मोठ्याने म्हणून बघा. ‘आमचा विभाग बंद झाला, त्यात माझी जागा गेली. मधल्या काळात मी अमुक शिकलो आणि आता याच प्रकारच्या कामात परत यायचंय.’ इथे थांबायचं. तिसरं वाक्य बोलू नका, मौन झालं तरी. आणि प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी विचारा, ‘निकाल साधारण कधीपर्यंत कळेल?’ ते जी तारीख सांगतील तिच्यात कामाचे दोन दिवस मिळवून वहीच्या सहाव्या रकान्यात टाका. तोवर त्या मुलाखतीचा विचार करायचा नाही असं नाही, तो येणारच, पण फोन करावा की नको हा रोजचा झगडा संपतो.

फसवणुकीबद्दल एवढंच लक्षात ठेवा: खरी कंपनी नोकरी द्यायला पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे, टेलिग्रामवरचे ‘टास्क’, यांतलं काहीही आलं की संवाद बंद. मन खचलेलं असताना माणूस यात सगळ्यात लवकर अडकतो. पैसे गेले तर क्षणही न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि मन खचणं हे जर दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप उडाली किंवा उठवेनासं झालं, जेवण नकोसं झालं, जगण्याबद्दलच वाईट विचार यायला लागले, तर वही-घड्याळाचे हे उपाय पुरेसे नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. एसएसजी म्हणजे सयाजी हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. जीव धोक्यात आहे असं वाटलं, तर त्याच दिवशी जा, घरच्या एकाला बरोबर घेऊन.

शेवटचा टप्पा पुष्कळांचा घात करतो. ‘तुम्ही सिलेक्ट आहात’ असा फोन आला की शोध थांबतो, पेढे वाटले जातात, आणि मग तीन आठवडे पत्र येत नाही. लेखी ऑफर लेटर हातात येईपर्यंत रोजचे दोन तास चालूच ठेवा. पत्र आलं की सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा) आकडा न बघता हातात किती येणार ते विचारा. सीटीसीत कंपनीचा पीएफचा हिस्सा, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर मिळणारी रक्कम धरलेली असू शकते. बाँड आहे का, प्रोबेशन किती, नोटीस पिरियड किती, हालोल किंवा करजणला जायचं तर बस कुठून आणि किती वाजता निघते, हेही सही करण्याआधी विचारा. रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचा यूएएन नंबर आणि मार्कशीट यांची एक फाइल तयार असू द्या. प्लांटमध्ये रुजू होताना मेडिकल असते, ती तारीख घरच्या कार्यावर येऊ देऊ नका.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात, जिथे तुमची प्रक्रिया अर्धवट राहिलीय त्या कंपन्यांना दोन ओळींचा मेल करा आणि ‘कोणामार्फत’ या रकान्यातल्या प्रत्येकाला फोन करून कुठे लागलात ते सांगा. ज्याची काहीच मदत झाली नाही, त्यालाही.